सोलअंकलनी हार काढलाच नाही

आधी माफी मागते. माझं अक्षर म्हणजे मुंग्यांच्या रांगेवर कुणी फुंकर मारावी तसं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घाची नि माझी गाठ चौथीत सुटली ती पुन्हा पडली नाही. चौथीनंतर वडिलांनी शाळेतून काढून फुलांच्या टोपलीसमोर बसवलं. तेव्हापासून हातात सुई आहे. पेन धरलं की मला अजूनही वाटतं, याला दोरा कुठून ओवायचा?

माझ्या मुलीनं, वर्षानं, ही वही आणून दिली. इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकाला धंद्यातले अनुभव लिहून दे म्हणाली. अंकाला देणार नाही हे तिला अजून सांगितलेलं नाही. पण वही चांगली दोनशे पानी आहे, वाया जायला नको.

माझा धंदा हारांचा. मिरजेत आमचं दुकान सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीच्या तोंडाशी होतं. माझे मालक त्याच गल्लीत सतारींना पॉलिश करायचे. त्यामुळे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या सत्काराचे हार आमच्याकडूनच जायचे. मोठमोठ्या लोकांच्या गळ्यात माझे हार पडले आहेत. म्हणजे पडले आणि लगेच निघाले.

ज्यांना धंद्यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सत्काराचा हार हा पाच सेकंदांचा असतो. पाहुण्याच्या गळ्यात हार पडतो, तो हात जोडतो, फोटोवाला फोटो काढतो, आणि पाहुणा हार काढून टेबलावर ठेवतो. माणूस जितका मोठा तितका लवकर काढतो. गळ्यात ठेवून बसला तर पहिल्या रांगेतल्या बायका म्हणतात, काय हौस आहे बघा. म्हणून हारवाला पुढची बाजू सजवतो. पुढे गच्च फुलं, मधे बेगड, खाली नारळाएवढा गोंडा. मानेवर येतो तो भाग नुसता दोरा, कारण मागून कोण बघतं? जड हार तुटू नये म्हणून मी दोऱ्यात बारीक तार घालायचे. आणि सकाळचा हार संध्याकाळी टवटवीत दिसावा म्हणून गोंडा बादलीत बुडवून ठेवायचे. पाच सेकंदांत कुणाला ओल लागत नाही. लागली तरी मोठी माणसं बोलून दाखवत नाहीत.

एवढं ज्ञान घेऊन मी २०११ साली न्यूझीलंडला आले. मालक जाऊन वर्ष झालं होतं. वर्षा इथे नर्स, जावई निखिलराव कंप्युटरमध्ये. घर ओटाहुहूला. घरात दिवसभर एकटी बसून मी भिंतींशी बोलायला लागले, तेव्हा वर्षानं कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्या कनूभाईंना गळ घातली. डेअरी म्हणजे इथे वाण्याचं दुकान; दूध मिळतं, पाव मिळतो, आणि रबरी चपलाही मिळतात, त्यांना जँडल म्हणतात. त्या जँडलांच्या खोक्याशेजारी कनूभाईंनी मला एक टेबल दिलं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. पुण्याचे एक डॉक्टर नव्या गाडीला हार न्यायला आले. घालून गाडी चालवली तर पोलीस विचारतील म्हणून त्यांनी गॅरेजमध्येच घातला, फोटो काढला आणि उतरवून ठेवला. म्हणजे गाडीनंसुद्धा पाच सेकंदच. टोंगा बेटांवरच्या एका आईला मुलीच्या पदवीदानासाठी चॉकलेटचा हार हवा होता. इथे ती पद्धतच आहे, पण मला वाटलं थट्टा करते. तरी केला. फुलं ओवतात तसं प्रत्येक चॉकलेट मधोमध सुईनं भोसकून ओवलं. उन्हात मुलगी टोपी घालून उभी आणि गाऊनवरून चॉकलेटचे ओघळ. कागदाच्या टोकांना गाठी मारून जोडायचं असतं, हे मला कनूभाईंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. आदल्या दिवशी ते समोरच बसून बघत होते.

मेरे आली ती २०१४च्या हिवाळ्यात. मेरे माओरी बाई, साठीची, हसली की डेअरीतल्या बाटल्या वाजतात अशी. ती इंग्रजीतच बोलायची, पण मी मराठीत लिहिते. तिचं इंग्रजी मला लिहिता येणार नाही आणि माझं लिहिण्याच्या लायकीचं नाही.

"किया ओरा, आंटी. हे तू करतेस?"

"येस."

"पाच लेई करशील? चांगल्या, मोठ्या?"

"येस."

लेई म्हणजे हवाई बेटांवरचा फुलांचा हार. मेरेनं गळ्याभोवती हात फिरवून दाखवला. मग बोटं चोळून काहीतरी सांगितलं, खांदे थोपटले, पाठीवर हात नेला. मी दर वेळी येस म्हणाले. इंग्रजी कळलं नाही की मी येस म्हणते. लाजऱ्या माणसाला तेच स्वस्त पडतं.

संध्याकाळी वर्षानं तिला फोन करून सगळं विचारून घेतलं. फक्त हार कसा हवा ते विचारलं नाही, कारण ते आईला येतंच.

मेरे ज्या हॉलचं स्वयंपाकघर आणि पैशाचा डबा सांभाळायची, तिथे दर शनिवारी हवाई बेटांची जुनी गाणी शिकवत. शिकवायचे सोलअंकल. वयानं मोठ्या माणसाला अंकल-आंटी म्हणायची रीत त्यांच्यातही आहे, आपल्यासारखी. अंकल तिकडेच जन्मले. त्यांच्या लहानपणी शाळेत पोरांना घरची भाषा बोलू देत नसत, त्यामुळे बरोबरीच्या पोरांची गाणी सुटली. अंकलची सुटली नाहीत, कारण आजीजवळ वाढले, आणि आजी शाळेत गेलेली नसल्यामुळे तिला गप्प बसायचं शिक्षण मिळालेलं नव्हतं. तरुणपणी ते एका बँडबरोबर बोटीनं इकडे आले, माओरी मुलीशी लग्न करून राहिले. पोटासाठी फुलाफुलांचे शर्ट घालून हॉटेलात लोकांना आवडेल ते वाजवलं, आणि आजीची गाणी या हॉलमध्ये शिकवली. चाळीस वर्षं, फुकट. अलीकडे तर त्यांच्याच बेटांवरची माणसं इथे येऊन ती गाणी उतरवून न्यायची. अशा अंकलचा आणि त्यांच्या चार म्हाताऱ्या जोडीदारांचा सत्कार होता.

ऐकून मला भरून आलं. ठरवलं, मिरजेत कुणाला केला नाही असा हार करायचा. तेच नडलं.

पांढरी शेवंती, लाल गुलाब, सोनेरी बेगड. पाचांत अंकलचा हार सगळ्यांत भारी, म्हणून तार दुहेरी घातली. गोंडा एवढा मोठा झाला की बादलीत मावेना. न्हाणीघरातल्या टबात बुडवला.

हॉलमध्ये मेरेनं खोकं उघडलं आणि ती बघतच राहिली.

"आंटी... मोठा आहे हं."

"येस," मी फुशारकीनं म्हणाले.

माणसं आत यायला लागली होती, बदलायला वेळ नव्हता. मेरे म्हणाली, करणारीनंच घालायचा. मी नको नको म्हणत असताना तिनं मला दंडाला धरून स्टेजवर नेलं. समोर दोनशे माणसं. मी डोळे मिटले आणि अंदाजानं हार घातला. तोवर ठीक होतं. पण लेई घातली की गालाला गाल लावून मुका घ्यायची त्यांची पद्धत असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ऐंशी वर्षांच्या परक्या माणसानं भर सभेत माझ्या गालाचा मुका घेतला. मी एकोणसाठ वर्षांची विधवा बाई. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उरलेले चार हार मेरेच्या हातात कोंबून मी स्वयंपाकघरात पळाले.

स्वयंपाकघराला हॉलच्या बाजूनं एक खिडकी होती, ताटं द्यायची. तिच्यातून मी बघत होते. अंकल बसले, गिटार मांडीवर आडवं घेतलं. हे विजेवरचं गिटार तसंच वाजवतात, डाव्या हातात पोलादी कांडी धरून ती तारांवरून सरकवत. सूर एकातून दुसऱ्यात असा घसरत जातो की मिरजेतला कुणीही म्हणाला असता, ही तर मींड. मला मालकांची आठवण झाली. पण लक्ष सगळं हाराकडे. अंकलनी तो काढलाच नव्हता.

एक गाणं झालं. हार गळ्यात. दुसरं झालं. गोंडा तारांच्या वर लोंबतोय, हार गळ्यात. मी डोकावले की अंकलची नजर माझ्याकडे यायची आणि ते हारावर हात ठेवून हसायचे. मी मनात म्हटलं, एवढा गुणी माणूस, पण काय ही हौस! आमच्याकडे बुवा लोक टाळ्या संपायच्या आत काढून ठेवतात. हे तर मिरवतायत. मी दर पाच मिनिटांनी बघून यायचे, आता तरी काढला का. ते पुन्हा हात ठेवून हसायचे.

चौथ्या गाण्यात घरघर सुरू झाली. मग लाह्या फुटल्यासारखे आवाज. मग काहीच नाही. अंकलनी कांडी उचलली, गिटारकडे पाहिलं, आणि राहिलेलं गाणं नुसत्या तोंडानं म्हणायला लागले. सगळा हॉल त्यांच्याबरोबर म्हणू लागला. मला वाटलं, कार्यक्रमातच असं असेल. मीही टाळ्या वाजवल्या.

मेरे आत आली आणि भांडी पुसायचं फडकं ओढून घेतलं. "पाणी गेलं गिटारात. हारातून ठिबकतंय."

मी तिचा हात धरला. "मग ते काढत का नाहीत?"

मेरेनं माझ्याकडे अशी नजर टाकली की ती मला अजून आठवते. "तू घातलास ना? आणि तू इथेच आहेस. तुझ्यासमोर ते कसे काढतील? ज्यानं लेई दिली त्याच्या देखत काढणं म्हणजे त्याचा अपमान."

म्हणजे मी घरी गेले असते तरी गिटार वाचलं असतं. निदान खिडकीतून डोकावायचं थांबले असते तरी.

कार्यक्रम संपल्यावर अंकल स्वतः आत आले. हार गळ्यातच. शर्टावर पोटापर्यंत ओल, बेगडाचे तुकडे चिकटलेले. ते वळले तेव्हा मानेवर तारेची लाल रेघ दिसली, सुरीनं ओढावी तशी. "सुंदर फुलं, आंटी," म्हणाले. मी येस म्हणाले. मेरेनं मला कोट घालून जवळजवळ ढकलतच घरी पाठवलं. अंकलची मान लवकर मोकळी व्हावी म्हणून, हे मला रस्त्यात कळलं.

आठ दिवसांनी मेरे पाकीट घेऊन आली. हारांचे दोनशे डॉलर.

"गिटार?" मी विचारलं.

"स्वीट ॲज, आंटी." म्हणजे सगळं छान आहे.

खरं कनूभाईंनी सांगितलं. त्यांच्याकडे पेपर घ्यायला येणारा एक बसड्रायव्हर अंकलचा शिष्य होता. "बेन, गिटार साठ वर्षांचं जुनं. तारांखाली तारेचं भेंडोळं असतं, आवाज पकडणारं, ते गेलं. दुरुस्तीला सातशे अठ्ठेचाळीस डॉलर पडले." हे पैसे वर्षभर शनिवारी दुकानाबाहेर सॉसेज भाजून विकून जमवलेले होते, शिकणाऱ्यांसाठी चार गिटारं घ्यायला. शिकणारे नऊ आणि हॉलचं गिटार एक. प्रत्येकाच्या वाट्याला दहा मिनिटं यायची. आणि अंकलची बोटं दर हिवाळ्यात थोडी जास्त आखडत होती. बोटांनी दाखवता येतंय तोवर सगळ्यांच्या मांडीवर गिटार हवं, म्हणून ती धडपड होती. ती माझ्या गोंड्यात बुडाली.

माझे मालक सतारीच्या भोपळ्यावर शिंतोडा पडला तर जेवायचे नाहीत. त्यांची बायको मी.

घरी सांगितलं. वर्षानं लगेच फोन हातात घेतला. "आई, मी आत्ता पैसे पाठवते. विषय संपला."

"हार तू केला होतास?"

"आई, सातशे डॉलर म्हणजे तुझे हार किती, माहितीय का?"

"मोजलेत."

"आणि तोवर ते लोक काय करणार?"

तिचं खरं होतं. पण मुलीच्या पैशानं फिटलं असतं तर त्या हॉलमध्ये मी पुन्हा तोंड दाखवू शकले नसते, एवढंच कळत होतं. निखिलरावांनी कंप्युटरवर तक्ता करून फ्रिजवर चिकटवला. माझ्या धंद्याच्या चालीनं मी सत्तराव्या वर्षी मोकळी होणार होते.

मेरेचं पाकीट मी तसंच परत नेलं. ती घेईना. तिची पाठ वळल्यावर मी ते पैशाच्या डब्यात टाकलं आणि वर बसले. डब्यावरच. पाठमोरी मेरे वळली, हात कमरेवर ठेवले.

"ऊठ."

"नो."

"आंटी, अंकलना कळलं तर मला ओरडतील."

"मला पण." दुसरं इंग्रजी सुचलं नाही.

तिनं कमरेवरचे हात सोडले. मग म्हणाली, "बरं. उरलेले पाचशे अठ्ठेचाळीस दे. पण तसले हार विकून नाही. लेई शिकायची. शनिवारी ये. आमची लेई करणारी पामर्स्टन नॉर्थला मुलीकडे गेलीय ती काही परत येत नाही."

पंचेचाळीस वर्षं हार केलेली मी शिकाऊ म्हणून बसले. लेईला पुढचं-मागचं नसतं. खांद्यांवर टेकते, जेवढी पुढे तेवढीच पाठीवर. मानेला फूलच लागलं पाहिजे, तेही मऊ. फुलं आधी पुसून कोरडी करायची. वजन असं की दोन तासांनी माणसाला विसर पडावा. मी पहिली केली ती मेरेनं स्वतःच्या गळ्यात घातली, आणि जीभ बाहेर काढून डोळे पांढरे केले. "आंटी, ही लेई आहे की फास?" दुसरी तिसऱ्या गाण्याला सुटली. तिसरीत सवयीनं गोंडा लावला. मेरेनं कात्री आणली आणि माझ्यासमोर तो गोंडा कापला, सुंता करावी तशा गंभीर तोंडानं. चौथी तिनं दिवसभर गळ्यात ठेवली. मी मुद्दाम समोरून गेले, पाच वेळा. ती भांडी पुसत राहिली. संध्याकाळी जाताना मात्र ती अजून गळ्यातच होती आणि मी गेल्यावरही होती म्हणे.

मेरे गिऱ्हाइकं पाठवू लागली. वाढदिवस, पदवीदान, लग्नं, मयत. दर महिन्याला मी दहा, कधी पंधरा डॉलर हॉलमध्ये नेऊन द्यायचे. ती पावती फाडायची. एका महिन्यात तिच्या चार भावांचे वाढदिवस आले तेव्हा मला संशय आला, ही दयेनं ऑर्डरी तयार करतेय. मी एका वाढदिवसाला खात्री करायला गेले. भाऊ खरा होता. मागे पुढे आणखी साठ भाऊ उभे होते. दोघांनी तिथेच पुढच्या महिन्याच्या लेया सांगितल्या.

वर्षभरानं डब्यातून पहिलं शिकाऊ गिटार आलं. ते आलं त्या दिवशी अंकल स्वयंपाकघरात आले. दुरुस्त झालेलं आपलं गिटार त्यांनी माझ्या समोरच्या टेबलावर ठेवलं आणि मला ऐकवलं. मी हातवारे करून आणि पन्नास शब्दांच्या इंग्रजीत त्यांना मिरज सांगितली. मालकांचं पॉलिश सांगितलं. मग धीर करून पाच सेकंदांच्या हाराचं सांगितलं. उठून दाखवलंच. हार घातला, हात जोडले, फोटो, काढला, टेबल.

अंकलनी हातातली कांडी खाली ठेवली. "म्हणजे त्या दिवशी तू खिडकीतून बघत होतीस, ते मी हार काढतो का म्हणून?"

"येस."

"आणि मी बघत होतो, ही बाई घरी जाते का म्हणून!"

ते इतके हसले की खोकला लागला. मेरे पाणी घेऊन धावत आली आणि माझ्यावरच ओरडली, आता काय घातलंस त्यांच्या गळ्यात?

मधे मंडळाच्या गणपतीत पुण्याहून एक गायक आले. हार माझ्याकडे सांगितला. मी नव्या हातानं केला, कोरडा, हलका, मागेपुढे सारखा. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला हार. बुवांनी मान लववली, फोटो झाला, हार टेबलावर. एका टोकावर कुणीतरी चहाचा कप ठेवला. मिरजेत असे हजारो बघितले होते, कधी काही वाटलं नाही. त्या दिवशी उठून कप उचलला, आणि मग तो हातात घेऊन काय करायचं ते न कळल्यामुळे चहा पिऊन टाकला. अध्यक्षांचा होता.

२०१७च्या जून महिन्यात वर्षाला अप्पर हटला, म्हणजे गाडीनं आठ तासांच्या वाटेवर, चांगली नोकरी लागली. पाच आठवड्यांत घर हलवायचं ठरलं. माझे दोनशे आठ डॉलर राहिले होते. इथे जूनमध्ये हिवाळा, फुलं महाग, गिऱ्हाईक कमी.

"आई, आता तरी मी देऊ?"

"नको."

"तिकडून पाठव मग हप्त्यानं."

"नको गं. पाठवायचं नाही. नेऊन द्यायचंय."

मेरेला सांगितलं तर ती म्हणाली, राहू दे, चार गिटारांतली तीन आलीत, खूप झालं. मला चौथं दिसत होतं. अंकल आता वाजवू शकत नव्हते. नुसते खुर्चीत बसून शिकणाऱ्याच्या मनगटाला हात लावून सांगायचे, इथे सरक, इथे थांब. दोघांत एक गिटार असलं की ते हातोहात फिरायचं आणि त्याच्यामागे अंकलना खुर्ची सोडून उठावं लागायचं.

त्या पाच आठवड्यांत मी जे मिळेल ते ओवलं. फुलं महाग म्हणून पानांच्या लेया केल्या, मेरेनं शिकवल्या होत्या. एका शाळेसाठी चॉकलेटच्या तीस केल्या, या वेळी एकालाही भोक न पाडता. कनूभाईंनी टेबलाचं भाडं घेतलं नाही. मी हट्टानं दिलं, ते माझ्यावर रागावले आणि दोन दिवस गुजरातीतच बोलले. बसड्रायव्हर आपल्या आईच्या नव्वदीसाठी दहा लेया घेऊन गेला. निघायच्या शनिवारी अठ्ठेचाळीस राहिले होते, आणि माझ्या पर्समध्ये पन्नासची एक नोट होती.

हॉलमध्ये वर्ग चालू होता; माझ्या उरलेल्या पैशांच्या बोलीवर मेरेनं चौथं गिटार सकाळीच आणून ठेवलं होतं. मी स्वयंपाकघरात नोट टेबलावर ठेवली. मेरेनं ती उजेडात धरून बघितली, उगीच, थट्टेनं. मग पावतीपुस्तक काढून हळूहळू लिहिलं, शिक्का मारला, आणि मला वाचून दाखवलं: पूर्ण फेड. मी मराठीत सही केली. तिनं पैशाचा डबा उघडून दोन डॉलरचं नाणं काढलं.

"चहाच्या वर्गणीच्या बरणीत टाकू?"

"नो," मी म्हणाले, आणि हात पुढे केला.

तिनं नाणं माझ्या हातावर ठेवलं. आतून अंकलचा आवाज आला, चौथ्या गिटारसाठी मांडी कुणाची रिकामी आहे म्हणून.